गाडीच्या तेलाचं विरजण

वडिलांच्या जुन्या शिस्तीप्रमाणे सुमेधाने वर्ष होताच गाडीतलं ऑइल पार काढून नवं भरलं, आणि गाडी सुरूच होईना. चार महिन्यांच्या लेकीला आज पहिल्यांदा आजोळी न्यायचं होतं; घाटापलीकडे आई वाट बघत होती.

शेजारच्या इंदूमावशी वाटी घेऊन आल्या. "अगं, हे जिवंत तेल. आपलं आपण साफ होतं, बदलायचं नसतं. सगळंच ओतलंस? दही संपवताना विरजणापुरतं ठेवतेस ना?"

त्यांनी स्वतःच्या गाडीतलं वाटीभर तेल सुमेधाच्या गाडीत घातलं. तासाभरात इंजिन गुणगुणू लागलं.

"माझ्या सासूबाईंच्या गाडीपासून चालत आलंय हे. चढावर कुरकुरेल, पण पोचवल्याशिवाय राहायचं नाही."

घाटात इंजिन खरंच कुरकुरलं. "हो सासूबाई, सावकाश घेते," म्हणत सुमेधाने गिअर बदलला, आणि मागे लेक खुदकन हसली.