दुसरा परीट

"वाळला न्हाय अजून, मालक," मडिवाळप्पा परीट पायरीखाली उभा राहून म्हणाला. त्याचे हात रिकामे होते.

आबासाहेबांनी अंगणात पाहिलं. सोलापूरचं चैत्रातलं ऊन. दगडावर टाकलेलं धोतर पान खाऊन होईस्तोवर वाळावं, आणि हा इसम आठवडाभर एक गालिचा वाळवत बसला होता.

गालिचा काही साधासुधा नव्हता. आबासाहेबांच्या वडिलांनी तो वरंगळहून आणवला होता. एरवी तो कापडात गुंडाळून माळ्यावर असे. फारच मोठा पाहुणा आला तर दिवाणखान्यात पडायचा, आणि घरची लेक सासरी निघाली की उंबऱ्याबाहेर. या घरच्या साऱ्या लेकी त्याच्यावर पाऊल ठेवूनच बाहेर पडल्या होत्या. उद्या अकलूजचे पाहुणे आबासाहेबांच्या मुलाची सुपारी फोडायला यायचे होते आणि दिवाणखान्यात नुसती उघडी फरशी होती.

मडिवाळप्पाला अख्खी पेठ ओळखून होती. कपडे वेळेवर आणून दिले, असं त्याच्या हातून कधी घडलं नव्हतं. गिऱ्हाइकांचे चांगले कपडे तो कुणाच्याही लग्नाकार्यात बिनदिक्कत मिरवायला देई. एकदा तर आबासाहेबांचाच जरीचा कोट त्यांना वरातीत भलत्याच माणसाच्या अंगावर भेटला होता, आणि त्या माणसाने त्यांना अदबीने रामरामही घातला होता. तरी गालिच्यावर समईचं तेल सांडलं म्हणून बजाबाईंनी तो याच्याच गाढवावर लादून दिला. "सोलापुरात दुसरा परीट नव्हता का?" असं आबासाहेबांनी तेव्हाच बायकोला विचारलं होतं. बजाबाई गालिच्याची दोरी आवळत राहिल्या. तशा त्या हल्ली फारसं बोलतच नसत.

"गालिचा कुठाय?"

"तळ्यावर हाय की."

"तळ्यावर मी सकाळीच माणूस धाडला होता."

मडिवाळप्पाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. त्याची नजर आबासाहेबांच्या खांद्यावरून मागे माजघराच्या दाराकडे गेली. तिथे बजाबाई उभ्या होत्या. पाणी हवं असेल, असं आबासाहेबांना वाटलं.

"लग्नात नेला व्हता," तो म्हणाला. "पायघडी म्हनून."

नवरानवरीच्या वाटेवर धुतलेली वस्त्रं अंथरायची, हा परटाचा मानच. पण अंथरायची ती धोतरं, लुगडी. वरंगळच्या गालिच्यावर कुणा सोम्यागोम्याचे पाय पडलेले डोळ्यांपुढे येऊन आबासाहेबांचं कानशील तापलं.

"कुणाच्या लग्नात?"

मडिवाळप्पा फडक्याला पीळ घालत राहिला. मग म्हणाला, "फुलाताईंच्या."

फुला ही आबासाहेबांची थोरली लेक. पहिलं लग्न होऊन वर्ष भरायच्या आत कपाळ पांढरं करून माहेरी आली. शहरातला तीस सालचा लष्करी कायदा उठला त्या सुमारास मुलींच्या शाळेत शिकवायला जाऊ लागली, आणि या फाल्गुनात म्हणाली, तिथल्याच एका मास्तरांशी लग्न करते. त्याच दिवशी आबासाहेबांनी तिला घराबाहेर काढलं आणि परसातल्या विहिरीवर तिच्या नावाने आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तशी. तेव्हापासून तिचं नाव या घरात कुणी घ्यायचं नव्हतं. लग्न कधी, कुठे, याची त्यांनी चौकशीही केली नव्हती.

विचारायचं नव्हतं, तरी त्यांच्या तोंडून निसटलंच. "काय म्हणाली?"

"शाळंच्या दारात अंथरला. बगितला आन् जाग्यावरच उभ्या ऱ्हायल्या. मग वाकून हात लावला त्याला. म्हनल्या, आबांनी धाडला? मी म्हनलो, व्हय."

पहिल्या लग्नात याच गालिच्यावर अडखळलेलं पोरीचं पाऊल आबासाहेबांना आठवलं, आणि आठवलं याचाच त्यांना संताप आला. चोरी त्यांनी सोसली असती. पण त्यांनी न केलेली माया या लबाडाने त्यांच्या नावावर खपवली, ते त्यांना सोसवेना. कोपऱ्यातली काठी उचलून त्यांनी मडिवाळप्पाच्या पाठीवर हाणली. मग आणखी एकदा. तो पळाला नाही, गयावया केली नाही. पुन्हा एकदा माजघराच्या दाराकडे पाहून त्याने मान खाली घातली.

"दिवस मावळायच्या आत गालिचा आणून टाक. आणि या पेठेत पुन्हा कुणाच्या दारात दिसलास तर याद राख."

"व्हय, मालक."

उन्हं कलताना त्याने गालिचा आणून ओट्यावर ठेवला आणि वर न बघता गाढव हाकत निघून गेला. बजाबाईंनी तो दिवाणखान्यात अंथरला. आबासाहेब खुर्चीत बसून बघत होते. तेलाचा डाग कुठे दिसत नव्हता. एका कडेला मात्र हळदीचा फिकट पिवळा ठसा राहिला होता, पावलाच्या टाचेएवढा.

"तिथे तक्क्या ठेव," ते म्हणाले. "पाहुण्यांना दिसायला नको."

बजाबाई तक्क्या आणायला गेल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि त्यांनी त्या पिवळ्या ठशावर तळवा ठेवला. तशाच बसून राहिल्या. आबासाहेबांचा राग अजून उतरला नव्हता. मघाचंच त्यांनी पुन्हा काढलं. "सगळी पेठ ओरडून सांगत होती त्याचे धंदे. तुलाही ठाऊक होते. मग सोलापुरात तुला दुसरा परीट मिळाला नाही?"

"व्हते की," बजाबाई म्हणाल्या. "पन त्यांनी नुसता धुतला असता."