लांबवलेला हुंकार

केतकीच्या सॅम्पलर यंत्रात कुठलाही आवाज भरून, सूर न बदलता हवा तेवढा ताणता येई. हे कळल्यावर तिची नलूमावशी नवऱ्याचा हुंकार फोनमध्ये रेकॉर्ड करून घेऊन आली.

"काहीही सांगितलं तरी तुझे काका एवढंच म्हणतात. आणि लगेच उठून जातात. हा जरा दुपारभर पुरेल इतका लांबव गं."

केतकीने लांबवला. स्पीकरमधून अखंड "हंऽऽऽ" सुरू झाला. मावशी त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि माहेरच्या विहिरीत पडलेल्या म्हशीची, लग्नापासून अर्धवट राहिलेली गोष्ट सांगू लागली. सांगता सांगता तिचा चेहरा खुलला.

काका तिला न्यायला आले, ते दारातच थबकले. मग खुर्ची ओढून बसले.

"आधी ह्याला गप्प कर," ते केतकीवर खेकसले. "म्हैस वर कशी काढली, ते मला ऐकूच येत नाहीये!"