निवीच्या काफेमिकला आलेले सहा जण

टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या आणि सहाही खुर्च्यांच्या पाठीवर सारखीच लाल जॅकेटं लटकत होती. जहाजावरून आलेले ते सहा प्रवासी एक वाजून दहा मिनिटांनी बसले होते. आता दोनला पाच कमी होते.

पिपालुकने चौथ्यांदा कॉफी ओतली. तिच्या लेकीचा, सहा वर्षांच्या निवीचा, आज शाळेचा पहिला दिवस, म्हणून घरात काफेमिक होतं. ग्रीनलंडच्या नूकमध्ये काफेमिक म्हणजे सकाळपासून दार उघडं. ज्याला यायचं त्याने यावं, दारात बूट काढावेत, दोन घास खावेत, कॉफी प्यावी आणि मागून येणाऱ्याला खुर्ची द्यावी. 'उठा' असं यजमानाने म्हणायचं नसतं. म्हणायची वेळच येत नाही.

आज आली होती. चौथ्या मजल्यावरच्या त्या दाराबाहेर, जिन्यात, शाळेच्या बाई, शेजारी आणि मासळीच्या कारखान्यातल्या मैत्रिणी ताटकळत होत्या.

खालच्या मजल्यावरची कारा दारातून आत डोकावली. "पिपा, सबिनाआत्या आलीय गं. दम लागला म्हणून दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसलीय. म्हणते, आत गर्दी असेल तर थांबते मी. पण तिची परतीची बोट तीनला आहे."

पुढची बोट आठवड्याने. ऐंशी वर्षांची सबिनाआत्या फियॉर्डच्या चिंचोळ्या खाडीतल्या आतल्या वस्तीवरून दोन तास बोटीत बसून आली होती. निवीच्या पायातले सीलच्या कातड्याचे पांढरे उंच बूट तिने अख्खा हिवाळाभर शिवले होते. ते पोरीच्या पायात बघायचे, एवढंच तिचं काम होतं.

पिपालुकने मावसभावाला, मालिकला, स्वयंपाकघरात ओढलं. जहाजावरच्या लोकांना गाव दाखवायचं काम तो करायचा. या सहा जणांना त्यानेच आणलं होतं.

"मालिक, आता उठव ना त्यांना."

"आलेल्या माणसाला कोणी उठवतं का पिपा? तूच म्हणालीस, आण पाहुणे."

"पाहुणे म्हणाले होते मी."

तेवढ्यात एक बाई बशी घेऊन दारात आल्या. फार गोड हसल्या. "नाच शेवटी असतो का? अजून एक तास राहिलाय ना आपला?" असं म्हणून त्यांनी सहलीच्या तिकिटाचा छापील कागद पुढे केला. पिपालुकने तो वाचला. अस्सल ग्रीनलंडी घर. दोन तास. घरचं खाणं. पारंपरिक वेशातली मुलगी.

त्याखाली तिच्या घराचा पत्ता होता.

"हे काय आहे?"

"ओरडू नकोस." मालिकने आवाज खाली आणला. "सगळेच करतात हल्ली. कॉफी तर तू अशीही पाजतेस, केक अशीही करतेस. तुझं काय गेलं?"

'उठा' हा शब्द पिपालुकच्या जिभेच्या टोकावर आला. पण चौतीस वर्षांत तो शब्द तिने कुठल्याच घरात ऐकला नव्हता. तिच्या आईने तो दारू पिऊन आलेल्या शेजाऱ्यालासुद्धा कधी म्हटला नव्हता. आज ती म्हणाली तर हे सहा जण पुढच्या बंदरापर्यंत विसरतील. तिला मात्र तो जन्मभर ऐकू येत राहील.

बाहेरच्या खोलीत एका गृहस्थाने निवीला खुर्चीवर उभं केलं होतं. "वळ. आता पाय वर कर, बूट नीट दिसू दे. हं, तो व्हेलचा तुकडा तोंडाजवळ धर. खायचा नाही, नुसता धर." दुसऱ्याचा कॅमेरा तिच्या मण्यांच्या गळपट्टीपासून वीतभर अंतरावर होता. निवी तुकडा धरून उभी होती. हसू की नको, हे ती आईच्या तोंडाकडे बघून ठरवत होती.

पिपालुकने निवीला खुर्चीवरून उचलून कडेवर घेतलं. दुसऱ्या हाताने टेबलावरची मत्ताकची, व्हेलच्या कातडीच्या तुकड्यांची, परात उचलली.

"कुठे चाललीस?" मालिक गडबडला.

"काफेमिकला," ती म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

जिन्यातल्यांना काही समजवावं लागलं नाही. काराने कॉफीचे थर्मास आणले, शाळेच्या बाईंनी केक. बशा हातोहात खाली उतरत गेल्या. माणसं पायऱ्यापायऱ्यांवर बसली, खाऊन झालेली उठली, त्यांच्या जागी दुसरी बसली.

दुसऱ्या मजल्यावर सबिनाआत्याने निवीचा पाय मांडीवर घेतला आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला. "डावा जरा सैल झालाय. चालायचंच. पुढच्या वर्षापर्यंत भरेल."

"चावत नाहीत गं आत्या," निवी म्हणाली.

"चावायला काय झालं! तीनदा उसवलेत मेले."

वर कठड्याशी सहा माणसं मोज्यांवर उभी होती. कॅमेरा कोणीच उचलला नव्हता. "आमचा वेळ अजून संपलेला नाही," त्यांतले एक गृहस्थ मालिकला मोठ्याने सांगत होते.

आत्याने मान वर केली. "कोण गं ती माणसं?"

"पाहुणे आहेत."

"मग खाली का नाही येत?"

"दोन तास बसायला आलेत, आत्या."

"दोन तास?" म्हातारीचा हात निवीच्या बुटावर थांबला. तिने पुन्हा एकदा वर पाहिलं, त्या सहाही चेहऱ्यांकडे, आणि आपली अर्धी भरलेली बशी पिपालुकपुढे केली. "अगं बाई! जहाजावर जेवायला घालत नाहीत का त्यांना?"