रक्ताचा कौल

“रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय, काकू. हृदयावर ताण दिसत नाही. व्हेंटिलेटर काढला तर काका बहुधा स्वतः श्वास घेतील,” डॉक्टर म्हणाले.

“बहुधा?”

“नाही जमलं, तर पुन्हा नळी घालणं जिवावर बेतू शकतं.”

मंदाकिनीबाई पलंगाशी गेल्या. तोंडात नळी असलेल्या नवऱ्याने घाबरून मान हलवली. नको! रिपोर्टचं ऐकावं की ह्यांच्या डोळ्यांचं? आजवर घरातला प्रत्येक निर्णय ह्यांनीच घेतलेला. बाईंना काही सुचेना. तरी तोंडून निघून गेलं, “काढा.”

नळी निघाली. ते खोकले, धापा टाकू लागले. मग श्वास हळूहळू संथ झाला.

“रागावलात?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “पण तू माझं न ऐकता कधीपासून ठरवायला लागलीस?”

बाईंनाही ते कळलं नव्हतं.