चोवीसशेवरची कुस्ती

"तीनशे नाही, मोठ्यात मोठा आकडा लाव!" पुंजाजी फुलवाल्यानं काउंटरवर थाप मारली, तशी टाचण्यांची डबी उडाली. बघणारे सांगतात, ती खाली यायच्या आधी राजापेठेचा सिग्नल दोनदा बदलला.

फारुखच्या दुकानातल्या स्कॅनरवर बिडीच्या बंडलाएवढा एक काळापांढरा फोटो पालथा पडला होता. कौंडण्यपूरच्या जत्रेतली कुस्ती. एक पहेलवान पाय रोवून उभा, दुसरा त्याच्या मिठीत उलटा, तंगड्या आभाळात. उभा आहे तो मी, उलटा आहे तो वकार पहेलवान, असं पुंजाजी जवानीपासून सांगत आला होता. कोणी संशय घेतलाच तर उभ्या पहेलवानाच्या चेहऱ्याच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवत होता. वकार पहेलवान म्हणजे फारुखचा बाप. तो आता नव्हता. होता तेव्हाही त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं.

उद्या अचलपूरच्या तालमीत हा फोटो मोठा होऊन भिंतीवर चढणार होता आणि त्याखाली पुंजाजीला फेटा बांधणार होते.

"चाचा, आकडा वाढवल्यानं फोटो वाढत नाही," फारुख म्हणाला. "एका इंचात मशीन किती ठिपके वाचते, त्याचा आकडा हाय थो. जेवढ्यास तेवढा छापाचा तं तीनशे पुरे."

"मंग हे काय हाय?" पुंजाजीनं तीनशेवर वाचून चौपट केलेला नमुना त्याच्या नाकासमोर धरला. "हा मी हाय का भिजलेली ढेप?"

"चौपट कराचा तं वाचताना चौपट ठिपके लागते. बाराशे लावतो."

"आन त्याच्यावर?"

"चोवीसशे. पन जुन्या फोटोत तेवढं राहात नाही."

"दुसऱ्याच्या फोटोत नसन. लाव!"

रांगेत क्लासची पोरं उभी होती. प्रतीक्षा नावाची एक मुलगी हॉलतिकीट छापायला आली होती, ते विसरून पुढं घुसली. "लावा ना दादा चोवीसशे!"

पंख्याखाली फारुखची आई, रहिमाबी, सुपारी कातरत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "तीनसौ पे ही रहने दे बेटा. पुराना फोटो है, इत्ता बारीक क्या देखना."

"भाभी, भेता काहून?" पुंजाजी उसळला. "हारनाऱ्याची बी इज्जत असते. वकार पडला थो वाघावानी पडला! धूळ अशी उडाली का वर्धेच्या पल्याडच्या बायाईनं वाळवनं उचलली, वादळ आलं म्हनून!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. फारुखनं चोवीसशे लावले.

स्कॅनरचा उजेड काचेखालून सरकू लागला. इतका हळू, की तेवढ्यात राजापेठेत एखाद्या मुलीचं बघणं होऊन लग्न लागलं असतं. पडद्यावर आधी आभाळ उतरलं, मग हवेतले दोन पाय, मग लंगोट, मग दोन मोठे कान. असे कान अख्ख्या अचलपुरात एकाच माणसाला आहेत.

"आजोबा," प्रतीक्षा ओरडली, "उलटे तं तुमी हाय!"

फारुख स्टुलावरून उठला. खालच्या माणसाचा चेहरा त्यानं पडदाभर केला. मिशी. गळ्यात काळ्या दोऱ्यातला तावीज.

"अब्बा!" तो नाचायचाच बाकी राहिला. "अबे, अब्बा हाय खाली! उभे अब्बा हाय!" फुलवाल्यानं उचललेल्या पहेलवानाचा पोरगा, हे त्यानं शाळेत ऐकलं होतं, निकाहातही ऐकलं होतं. तो आईकडे वळला. "अम्मी, अब्बा कभी बोले काहून नहीं?"

रहिमाबीनं अडकित्ता खाली ठेवला.

"मैंने पूछा था. बोले, मैं तो एकच बार जीता. पुंजा रोज जीतता है, जीतने दे."

सगळं दुकान पुंजाजीकडे बघू लागलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो पडद्यापाशी गेला. वकारच्या मिशीवर त्यानं बोट टेकवलं, मग काढून घेतलं.

मग त्यानं घसा खाकरला.

"फारुख."

"बोला चाचा."

"तूनं फोटो उलटा ठेवला लेका. फिरव."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. रहिमाबीनं आधी ओढणीचं टोक तोंडाला लावलं. पण हसू कसलं आवरतंय, ती खुर्चीसकट हलायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तशातच हात हवेत गोल फिरवून तिनं पोराला खूण केली: फिरव.

फारुखनं फिरवला.

प्रिंटर घरघरला. आधी जत्रा बाहेर आली, अख्खी, डोकी खाली लोंबणारी. मग मातीला चिकटलेले वकार पहेलवानाचे पाय. मग पुंजाजीचे कान, त्याखाली वकारचं हसू, हसण्याखाली उलटी मिशी. आणि अगदी शेवटी पुंजाजीचे दोन अनवाणी पाय, पांढऱ्या आभाळावर घट्ट रोवलेले.