माणसाला न भिणारा पक्षी

लुथरन पाद्रीबाबा रविवारचा उपदेश आटोपून पाहुण्यांना आपलं पक्ष्यांचं कपाट दाखवत होते. पेंढा भरलेला नवा पक्षी त्यांनी कौतुकाने हातात घेतला.

"ही जात माणसाला भीतच नाही, बरं का. मागच्या अंगणात मी बंदूक रोखली, तर हा पठ्ठ्या उडायचं सोडून टुणटुण माझ्याच दिशेने आला. शास्त्रज्ञ मंडळींना आजच कळवतो."

चहाचा ट्रे टेबलावर आदळून बायको म्हणाली, "अहो, अख्खी जात नाही, हा एकटाच भीत नव्हता. आत उशीत तोंड खुपसून पडलेल्या तुमच्या लेकीला विचारा."



बायकोच पुढे म्हणाली, "वर्षभर तळहातावरचे दाणे भरवत ती त्याला समजावत होती, माणसं काही करत नाहीत म्हणून."