अंगणातलं इंटरव्हल

"वाजवा आता, आई," रुपा कंबर धरून म्हणाली.

सत्यभामाबाईंनी पितळी थाळीवर चमचा आपटला आणि त्यांची सून पुन्हा सुटली. गुडघे छातीपर्यंत उचलत धावली, खाली वाकली, उडी मारली. दुसऱ्यांदा थाळी वाजली तशी भिंतीला टेकून धापा टाकू लागली.

हा व्यायाम ती मोबाइलवर शिकली होती. थोडा वेळ जीव तोडून पळायचं, थोडा दम घ्यायचा, की पुन्हा तेच. याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात म्हणे. इंटरव्हल नाटकात असतं एवढंच सत्यभामाबाईंना ठाऊक. पण थाळीचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

त्यांच्या मुलाचं, कैलाशचं, लिव्हर निकामी झालं होतं. दुसरं बसवावं लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कुणाचं तरी मिळेल, नंबर लागला की बोलावतील, असं घरचे म्हणत. तोवर नागझिऱ्याच्या जंगलात गाईडची भरती निघाली आणि घर चालवायला रुपाने कंबर कसली. भरतीत पळावं लागणार होतं.

"हळू वं बाई," सत्यभामाबाई कळवळायच्या. "तो खाटेवर हाय. तुले काही झालं तं लेकराईले कोन पाहीन?"

"काही नाही होत, आई."

सून वाळली की गाव सासूलाच नावं ठेवतं. म्हणून त्या रोज जवसाचा लाडू तिच्या हातात कोंबायच्या. ती हसून घ्यायची आणि पाठ वळली की पोरांना वाटून टाकायची. बाजाराला गेली की धानाच्या वजनकाट्यावर उभी राहून यायची आणि घरी येऊन कैलाशच्या कानात काहीतरी सांगायची. दोघांचं ते गूळपीठ पाहून सत्यभामाबाईंना फार बरं वाटे.

एका सकाळी नागपूरहून फोन आला. लिव्हर मिळालं होतं, परवा ऑपरेशन. आणि नेमकी त्याच दिवशी साकोलीला रुपाची भरती.

सत्यभामाबाई भडकल्या. "नवरा ऑपरेशनले चालला अन् तू पळाले चालली?"

रुपा मान खाली घालून उभी राहिली. शेवटी सासूनेच तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"जाय. पास होऊन ये. त्याच्यापाशी मी आहो."

रुपा आदल्या दिवशीच साकोलीच्या मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली. कैलाशला घेऊन सत्यभामाबाई आणि त्यांचा धाकटा मुलगा प्रविण नागपूरला पोचले.

कैलाशला आत नेलं. बऱ्याच वेळाने एक नर्स बाहेर आली, तिला सत्यभामाबाईंनी अडवलं.

"बाई, ज्यानं माह्या लेकराले लिव्हर देल्लं, त्याच्या घरचे कुठी बसले? हात जोडाचे होते."

नर्स गोंधळली. "त्यांच्या घरच्या तर तुम्हीच ना, आजी? लिव्हर देता यावं म्हणून एवढं वजन उतरवलं त्यांनी, आणि गुंगी येईपर्यंत एकच विचारत होत्या, माझ्या सासूबाई जेवल्या का म्हणून."